काकीची माफी

मुर्री (गोंदिया), ८ जून

चि. हर्षास अ. उ. आ.

इकडे खुशाल आहो. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले. शूट चालू आहे म्हणून तू फोन कापतेस. पत्र काही कापता येत नाही, म्हणून लिहून राहिलो.

तुझ्या मालिकेत हरवलेला भाऊ आला, सुनेची आठवण परत आली, दारुडा जावई भजनाले जाऊन राहिला. एका आठवड्यात एवढं भलं आपल्या गावात कोणाचं झालं नाही. मालिका बंद होऊन राहिली काय? काऊन लपवतेस? आईले मी बोललो नाही.

बाबा

मुंबई, १४ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही चॅनेलातच नोकरीला हवे होतात! हो, महिनाअखेर बंद. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं. ही पहिली मालिका मी स्वतः काढली, म्हणून जड जातंय. चॅनेल मला नोकरी देतंय: पक्का पगार आणि दुसऱ्यांच्या गोष्टींना कात्री लावायची.

शेवटचा भाग अडलाय. दुष्ट काकीनं हात जोडून सगळ्यांची माफी मागावी, असा त्यांचा आग्रह. रोज लिहिते, रोज खोडते. आईला एवढ्यात सांगू नका.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठवा.

हर्षा

मुर्री, २० जून

चि. हर्षास अ. उ. आ.

आईपासून लपवाले गेलो अन् फजित झालो. नायिका दिवाळीचीच साडी पुन्हा नेसली, तेव्हाच मालिकेचे पैसे संपले हे आईले समजलं होतं. तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती. पत्र वाचून अंगणात जाऊन रडली, मग येऊन माझ्यावरच चिडली.

तिचा निरोप असा की काकीले माफी मागाले लावू नको. एवढे दिवस आम्ही तिले जेवता जेवता शिव्या दिल्या, त्या काय फुकट गेल्या?

नोकरीचं तू पाहा. लहानपणी गोष्टीतलं मधलं गाळलं तर तू अंथरुणात उठून बसायचीस. तू काय कात्री लावशील? पण घेतलीस तरी आम्ही नाराज नाही. घरी ये. फक्त धानाच्या रोवण्याले हात लावू नको, मागची तुझी वाकडी ओळ आठवून गाव अजून हसते.

बाबा

मुंबई, २ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

काकीनं माफी मागितली नाही. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. चॅनेलवाले चिडले, पण बदलायला वेळच नव्हता. काकी झालेल्या दुर्गेश्वरीताई तशाच मेकअपमध्ये माझ्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, आजवर शेवटच्या भागात त्यांना नेहमी रडायलाच लावलं.

नोकरीला नाही म्हटलं. ऑफिसची खोली सोडली. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण डोक्यात नवी गोष्ट आहे. ती घरी बसून लिहीन.

रविवारी गोंदियाला उतरते. सोबत दुर्गेश्वरीताई आहेत, त्यांना धानाचं शेत पाहायचंय. आईला आधीच सांगून ठेवा: बाई फार गरीब स्वभावाची आहे, तिखटसुद्धा खात नाही.

लोभ दोघींना पुरेल एवढा असावा.

तुमची, सध्या बिनकामाची,
हर्षा