उशाखालची अकरा कार्डे

मी, नरहर विश्वेश्वर हिवरखेडकर, वय एकोणपन्नास, नोकरी ग्रंथालयात, राहणार ब्रह्मा घाट, वाराणसी, येत्या शुक्रवारी पोटाची शस्त्रक्रिया असल्याने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. चार दिवसांपूर्वी रुग्णालयातून घरी आलो, तो ट्रंक रिकामी दिसली.

ट्रंकेत कोरकू भाषेची कार्डे होती. मेळघाटाच्या पायथ्याच्या शाळेत माझ्या शेजारी कोरकू मुले बसत. गुरुजी त्यांच्या बोलीला हसत; मीही हसे. पुढे त्याची लाज वाटली. एकोणीस वर्षे, मिळेल त्या सुटीत, धारणीजवळ सोमतीबाई नावाच्या कोरकू बाईंच्या ओसरीवर बसलो. आपण जिथे ‘ने’, ‘ला’, ‘हून’ लावतो तिथे त्या काय लावतात, ते टिपले. घशात अडणाऱ्या आवाजाला आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून खुणा केल्या.

पत्नी शरदिनी म्हणाली, “वाळवी लागली होती हो. वाचता येईना, म्हटलं मंत्रच असणार. लिहिलेला कागद रद्दीत जायचा नाही, गंगेत सोडायचा, हे तुम्हीच ना सांगता?”

कार्तिकी पौर्णिमेला हळदकुंकू वाहून, पंचगंगा घाटाहून नाव करून तिने ती सोडली. कार्डे तरंगली. नावाडी म्हणाला, “अम्मा, डूबत ना हौ. लग्गी से दाब देईं?” आणि बांबूने दाबली.

एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घरात कागदांचा एक नियम केला होता, तो या लेखाने रद्द करतो. शरदिनीला कोणी बोल लावू नये.

दोन. बँकेतील शिल्लक, भांडी आणि देव शरदिनीकडे.

तीन. धाकटा भाऊ गोपीनाथ वैदिक आहे. दर दिवाळीला विचारतो, “दादा, रानातल्या बोलीला कसल्या विभक्त्या?” कार्ड कधी हातात घेतले नाही. त्याला काही ठेवत नाही. साक्षीला मात्र त्यालाच बोलावले आहे, म्हणजे हे वाचावे लागेल.

चार. रुग्णालयात माझ्या उशाखाली होती म्हणून वाचलेली अकरा कार्डे मुलगी बकुळला. खुणांची यादी त्यांतच आहे. मी गेलो तर तिने तेराव्यालाही थांबू नये, धारणीची वाट धरावी आणि बुडालेले पुन्हा टिपून घ्यावे. सोमतीबाई सत्तरीपुढे आहेत.

गोपीनाथने आत्ता हे वाचून एक कार्ड हातात घेतले आणि त्यावरच्या विभक्त्या खुणांच्या यादीशी ताडून पाहिल्या. मग म्हणाला, “बकुळ एकटी कशी जाईल, दादा? मी नेतो. तेराव्याचं काय ते गाडीत म्हणेन.” हे सहीच्या वर घेतले आहे, आता त्याला फिरता येणार नाही.

वाराणसी, ९ डिसेंबर १९७४
सही: नरहर विश्वेश्वर हिवरखेडकर
साक्षीदार: गोपीनाथ विश्वेश्वर हिवरखेडकर (भाऊ)
यज्ञेश्वर रत्नाकर पुणतांबेकर (शेजारी)