खुर्ची माझी, बसल्या विहीणबाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच). तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला उतरला का? इकडे लेक, सून, नातू खुशाल. विहीणबाई तर फारच खुशाल आहेत, आणि तेच सांगायला बसले आहे.

नातवाला बघायला आम्ही दोघी एकाच विमानाने आलो. त्याला आधी उचलून घेणार ती मीच, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं (मुलाची आई मी, तेवढाही हक्क नको?). माझ्या गुडघ्यांची रड माहीत असल्याने लेकाने मला न विचारताच चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. उतरलो तर विमानाच्या दाराशी एक मिशीवाले गृहस्थ खुर्ची धरून उभे. म्हणाले, "आजी कोण?" अगं, मी आजी म्हणून मिरवायलाच एवढ्या लांब आलेली, पण केसांना कलप, पायांत नवी चप्पल, आणि परका माणूस चारचौघांत आजी म्हणतो म्हणजे काय! मी सरळ विहीणबाईंकडे बोट दाखवलं. वाटलं, बाई लाजतील, नको म्हणतील (रोज सकाळी टेकडी चढून येणारी बाई ती!). कसलं काय, ऐटीत बसल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "माझी तेवढी पिशवी घेता का?"

मग काय, बाईंची वरातच निघाली. लोक बाजूला होत होते, लिफ्ट थांबत होती, शिक्का मारणारे साहेब स्वतः उठून पुढे आले. मी दोन्ही पिशव्या सांभाळत मागून पळत होते, पण पहिल्याच वळणाला त्या दिसेनाशा झाल्या. पुढे मी चुकीच्या रांगेत उभी राहिले, तिथून हाकलल्यावर बरोबर रांगेत शेवटची. चप्पल चावत होती ती वेगळीच.

बाहेर आले तर नातू त्यांच्या मांडीवर, त्यांचं बोट घट्ट धरून, आणि फोटो काढतोय कोण, तर माझा लेक! मला बघून म्हणाला, "आई, होतीस कुठे? तुझी खुर्ची आली नाही का?" मी म्हटलं, "नाही बाबा." विहीणबाई नुसत्या हसल्या. ताई, माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! तो फोटो आता भिंतीवर लावलाय, नेमका माझ्या जेवायच्या जागेसमोर. घास उतरत नाही.

तुझी,
पाय सुजलेली धाकटी

ता. क. लेक विमान कंपनीकडे खरमरीत तक्रार करायला निघाला होता. माझी पाचावर धारण बसली. विहीणबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या हो जावईबापू, परतीला मी आम्हा दोघींसाठी खुर्च्या सांगितल्यात." आणि बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. अशा बाईचा धड रागही करता येत नाही.

आणखी एक. तू खुर्चीतून जाऊन आलेली आहेस, म्हणून विचारते. त्या ढकलणाऱ्याच्या कानात नेमकं काय सांगावं लागतं? परतीला पलीकडे कुणी नातू उभा नसणार, हे मला कळतं. तरी माझी खुर्ची पुढे हवी.