सकाळी अभ्यासिका कोण उघडणार

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: श्रीमती चंपा महिपती रणपिसे, वय ६९, धर्म बौद्ध, राज्य शासनाच्या कर कार्यालयातून अधीक्षक म्हणून सेवानिवृत्त, सध्या व्यवसाय अभ्यासिका चालविणे, राहणार हडपसर, पुणे.

तथागतांना वंदन करून लिहिते की, माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे. येत्या मंगळवारी मला दवाखान्यात भरती व्हायचे असून बुधवारी हृदयाची शस्त्रक्रिया होणार आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरायचं काही कारण नाही." मी घाबरलेली नाही. उभी नोकरी दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा स्वतःचा एक तरी मसुदा वेळेवर पुरा करावा, एवढाच हेतू आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने अगर भुलवण्याने केलेले नाही. मला भुलवणे सोपे नाही, हे घरचे शपथेवर सांगतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती महिपती हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. ते चार वर्षांपूर्वी गेले. मला एकच मुलगा, सौरभ. सून कल्याणी बँकेत नोकरी करते. याखेरीज मला वारस नाही. पुढे कोणी उगवल्यास त्यास उभे करू नये.

२. हडपसरचा फ्लॅट सौरभ व कल्याणी यांना निम्मा-निम्मा. कल्याणीचा निम्मा तिचा स्वतःचा समजावा. घरातल्या घरात काय हिशेब करायचा, असे म्हणून तो कोणी घशात घालू नये. बँकेतील ठेवी आणि माझे दागिने (हा शब्द जरा मोठा झाला) संपूर्णपणे कल्याणीचे. दिवाळीपासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालले आहे आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलेले नाही. मी तिच्या जागी असते तर रोज बोलून दाखवले असते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. महिपतींची हत्यारे. पाने, कानशी, मायक्रोमीटर व पेटी सौरभला. ड्रिल मशीन मी माझे दीर राकेश यांना देते, कारण भिंतीत एक खिळा मारायचा म्हणून त्यांनी ते नेले तेव्हापासून ते त्यांच्याकडेच आहे. महिपतींच्या मागे राकेशभाऊजींनी मला जी आरामखुर्ची आणून दिली, तीही त्यांनाच परत देण्यात यावी. त्या खुर्चीने माझे किती नुकसान केले ते पुढे येईल.

४. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधे करावेत. पुण्यानुमोदनाला भाषणे दोनच, आणि बोलणाऱ्याने मला ओळखत असावे. विहारात वर्षावासातले, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतले, संध्याकाळचे वाचन मी करीत आले. यापुढे ते माझ्या शेजारी बसून ऐकणाऱ्या मैनाने करावे. मैना उतारवयात वाचायला शिकली, त्यामुळे अडखळते. अडखळू द्यावे, ऐकणाऱ्यांना कुठे घाई असते. माझ्या निधनानिमित्त अभ्यासिका बंद ठेवू नये. दारावर पाटी लावायचीच असेल तर "आज उघडी आहे" अशी लावावी.

५. आता शनिवार पेठेतील दुसऱ्या मजल्यावरची खोली. ही माझ्या निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावे घेतलेली आहे. हीच माझी खरी मिळकत, आणि हे मृत्युपत्र लांबायचे कारणही हीच.

बाहेरगावची मुले-मुली स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतात. एका खोलीत चार-चार कॉट टाकून राहतात, तिथे अभ्यास होणे शक्य नसते. त्यांना सकाळपासून बसायला एक टेबल, एक खुर्ची आणि शांतता मिळावी, म्हणून आम्ही दोघांनी ही अभ्यासिका काढली. टेबले महिपतींनी स्वतः केली. पाटी मी लिहिली: "झोप येत असल्यास घरी जाऊन घ्यावी. इथे तिचा उपयोग होत नाही."

कारखान्यात पाळी सुटताना आपले मशीन पुढच्या पाळीवाल्यासाठी पुसून ठेवायची महिपतींची सवय होती. ती त्यांनी इथे आणली. टेबले जोडीजोडीने मांडली आणि नियम केला की, सकाळी आल्यावर स्वतःचे टेबल पुसायचे नाही, जोडीदाराचे पुसायचे. एखादा आला नाही तर त्याच्या जोडीदाराच्या टेबलावर धूळ तशीच राहते, आणि ती दुसऱ्या कोणी पुसायची नाही. शनिवार पेठेत धुळीला तोटा नाही. त्यामुळे गैरहजर मुलाला फोन करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. जोडीदार दिवसभर धुळीत कोपरे टेकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी काय ते सुनावतो. दाराजवळची जोडी आमची होती. महिपती माझे टेबल पुसत, मी त्यांचे.

ते गेले आणि मी खोलीला कुलूप घातले. मुलांना दुसरीकडे जागा बघायला सांगितले. "वहिनी, पुष्कळ केलंत, आता आराम करा," असे म्हणून राकेशभाऊजींनी वरील खुर्ची आणली. मी आयुष्यात पहिल्यांदाच लोकांचे ऐकले. सकाळचा चहा दुपारी होऊ लागला. आंघोळ जमली तर. वर्तमानपत्र घडीसकट रद्दीत जाई. टीव्ही चालू असायचा आणि मी त्याच्यासमोर बंद. ज्या बाईने कार्यालयात कोणाची फाईल टेबलावर लोळू दिली नाही, ती स्वतः खुर्चीत लोळत होती. उद्यापासून उठायचे, असे मी रोज ठरवीत असे. ठरवण्यात माझा एकही दिवस चुकला नाही.

मग एक दिवस आमच्या अभ्यासिकेतला दिग्विजय हडपसरला घरी आला. हा वाशीमकडचा मुलगा, महिपतींचा लाडका.

"काकू, माझी उशी राहिली न आत. खुर्चीवरची. कुलूप काढून द्या."

"ही किल्ली घे, आण जाऊन आणि किल्ली परत दे."

"एकट्यानं नाही जमत काकू. काका बसले असतील असं वाटते मले."

खुर्चीतून उठले. चप्पल घातली, बसने स्वारगेट गाठले, तिथून रिक्षा. खोली उघडली तर धुळीत बोट रुतेल अशी अवस्था. दिग्विजयने आधी उशी घेतली नाही. फडके शोधले आणि माझे टेबल पुसले. मग महिपतींच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता हे टेबल माझं समजा. पुसता का?" मी पुसले. पुसताना रडले, हेही इथे लिहून ठेवते, कारण त्याआधी मला रडताही आले नव्हते.

निघताना तो म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मनात एकच होते: तो पोरगा आला आणि त्याचे टेबल धुळीत असले तर? उठले. सवय लावायला मनोनिग्रह लागतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे मनोनिग्रह नव्हता, दिग्विजय होता. पहिल्यांदा नुसते जायचे, टेबल पुसायचे आणि परत यायचे. मग जायचेच आहे तर आंघोळ करून जाऊ. मग डबा. मग वर्तमानपत्र घडी मोडून. मुले एकेक करून परत आली. एखाद्या दिवशी खाडा झालाच, तर दुसऱ्या दिवशी त्याचे रडगाणे न लावता फडके हातात घ्यायचे, एवढे मी शिकले. दिग्विजय अधिकारी व्हायला आला होता, तो वाशीमला जिल्हा परिषदेत कारकून झाला. मीही कारकुनीपासूनच सुरुवात केली होती, त्यात कमीपणा नाही. आज खोली भरलेली असते आणि परीक्षा तोंडावर आली आहे.

६. सौरभविषयी. दिवाळीच्या तोंडावर त्याला त्याच्या कंपनीने काढले. आरंभी त्याने अर्ज केले, मुलाखती दिल्या. आता उठायलाच दुपार होते. मनगटावरचे घड्याळ त्याला चाला, पाणी प्या, अशी आठवण करून देते. तो त्याला चापट मारून गप्प करतो. चांगल्या सवयी लावणारी ॲप त्याच्या फोनमध्ये आहेत, तीही झोपलेली असतात. "आई, त्याला काही बोलू नका, वाईट वाटेल," असे कल्याणी म्हणते. वाईट त्याला आधीच वाटते आहे, म्हणून तर तो झोपतो. ती झोप माझ्या ओळखीची आहे. मला ऑपरेशनची भीती नाही. मी गेले आणि हा असाच पडून राहिला, याची आहे. आणि त्याच्यापायी खोलीला पुन्हा कुलूप लागले, याची.

म्हणून मी असे लिहिले होते की, शनिवार पेठेतील खोली सौरभला मिळावी, पण पुढील अटींवर: (अ) त्याने रोज सकाळी सहाला उठावे, (आ) खोली स्वतः उघडावी, (इ) दुपारपर्यंत फोन कुलपात ठेवावा, (ई) खोली दहा वर्षे विकू अगर भाड्याने देऊ नये.

[अटी अ ते ई रद्द. खाडाखोड माझ्या हातची असून बाजूस माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. चं.म.र.]

रद्द का, ते लिहिणे भाग आहे. आमच्या विहारातले ॲडव्होकेट श्याम ओव्हाळ साक्षीसाठी आज खोलीवर आले आहेत. ते म्हणाले, "चंपाताई, सहाला उठायची अट कोर्टात टिकत नाही." मी म्हटले, "कोर्टात नाही टिकली तरी चालेल, सौरभमध्ये टिकली की झालं." तेवढ्यात सौरभ मला न्यायला आला. नुकताच उठलेला होता. त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

"या अटी माझ्यासाठी?"

"तुझ्याचसाठी."

"आई, कंपनीतही होत्या गं. टार्गेट, रेटिंग, रिव्ह्यू. मी एकही चुकवली नाही. रात्री-रात्री बसून पाळल्या. तरी एका कॉलवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आता तू पण रेटिंग देणार मला?"

"मग खोली तुला देऊ कशी?"

"नको देऊस. पण अशी तर नकोच."

तो आवाज चढवून बोलला असता तर मी दुप्पट चढवून उत्तर दिले असते. तो हळू बोलला. अटी, शर्ती, परंतुके घालण्यात माझा हात धरणारा कार्यालयात कोणी नव्हता. आणि इथे मला एक ओळ सुचेना. दिग्विजयने मला अट घातली नव्हती. उद्या येतो, एवढेच म्हणाला होता. मी पेन घेतले आणि चारही अटींवर आडवी रेघ मारली.

सबब, शनिवार पेठेतील खोली टेबल-खुर्च्यांसह मी सौरभला विनाअट देते. त्याने ती चालवावी, भाड्याने द्यावी अगर विकावी. विकली तरी चालेल, असे मी लिहिते आहे; चालणार नाही, पण लिहिते आहे. त्याने उद्या तिथे मोबाइलचे दुकान घातले तर त्याला कोणी अडवू शकणार नाही आणि मुलांना परीक्षेच्या तोंडावर जागा शोधत फिरावे लागेल. हा धोका मी पूर्ण शुद्धीत पत्करते. माझा मुलगा सक्तीने उठून बसलेला मला नको आहे.

७. सही करण्यापूर्वी एक प्रश्न राहिला होता: मी दवाखान्यात असेपर्यंत सकाळी खोली कोण उघडणार. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातील हेमाबाई, या मृत्युपत्राच्या दुसऱ्या साक्षीदार, म्हणाल्या की किल्ली माझ्याकडे ठेवा. मी सौरभकडे पाहिले नाही. न पाहण्याचे मला बरेच कष्ट पडले.

श्यामरावांनी त्याला सहज विचारले, "मंगळवारी आईंना तूच नेणार ना दवाखान्यात?"

"नाही काका, सकाळी नाही जमणार मला. कल्याणी नेईल, तिला सुट्टी टाकायला सांगतो. मी इथलं उघडून, मुलं बसली की दुपारी येतो."

"अरे, आईचं ऑपरेशन आहे," हेमाबाई म्हणाल्या.

"ऑपरेशन बुधवारी आहे. मंगळवारी मुलं येणार आहेत."

हेमाबाईंना हे मुळीच आवडलेले नाही आणि त्या ते पेठभर सांगणार आहेत. सांगू देत. मुलगा आपल्याला दवाखान्यात सोडायला येणार नाही, याचा इतका आनंद झालेली बाई पुण्यात दुसरी नसेल. मी त्याला एवढेच म्हणाले, "बरं." किल्ली त्याच्या हातात दिली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, तो मला मान्य आहे. खाली दिलेल्या दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: शनिवार पेठ, पुणे
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार

(सही)
चंपा महिपती रणपिसे

साक्षीदार:
१. (सही) ॲड. श्याम ओव्हाळ, हडपसर, पुणे
२. (सही) हेमा पानसरे, शनिवार पेठ, पुणे. सौरभचे वागणे मला पटलेले नाही, हे नोंदवून सही करीत आहे.