कुणीतरी आधीच केलेला हात

शनिवार, ऑगस्ट २००४
नाशिक

आज सायबर कॅफेत आमचा यांत्रिक हात पडद्यावर दिसला. आमचा नव्हे, परदेशातल्या कुणा विद्यार्थ्यांनी आधीच केलेला. तीच तीन बोटं आणि ती ओढायला तीच सायकलच्या ब्रेकची तार. तार सुचली तेव्हा केवढी खूश होते मी.

वैशाली, माझी प्रकल्पातली जोडीदार, मन लावून वाचत होती. तिच्या अण्णांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलाय. त्यांना स्वतःच्या हाताने जेवता यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"आता नवीन काहीतरी शोधावं लागेल," मी म्हणाले.

"कशाला? वळणावर तार घासून तुटते, हेसुद्धा त्यांनी लिहिलंय. आपली मेहनत वाचली. हात पहिल्यांदा कुणी केला, याच्याशी अण्णांना काय करायचंय?"

राग आला तिचा. मग सातपूरला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. गाडीच्या वायपरची मोटर मिळाली. हळू फिरते, जोर भरपूर, गिअर आतच. तेच गिअर मी इतके दिवस कागदावर काढत बसले होते. मोटर कमरेला बांधायची, तार मनगटावर बांधलेल्या यांत्रिक हातापर्यंत न्यायची.

मला नक्की काय हवं होतं? अण्णांनी जेवावं, की मी शोधलं असं लोकांनी म्हणावं? दोन्ही, बहुतेक.

घरी येताना वैशालीला विचारलं, "अण्णांचं मनगट केवढं आहे गं?" तिलाही सांगता येईना. उद्या सकाळच्या एसटीने दिंडोरीला अण्णांकडे जाऊन माप घ्यायचंय.