चोचीवरचा चिखल

ती. आईला जय जिनेंद्र.

दुर्बीण तापसच्या हातात देऊन मी जेवायला उठलो आणि तेवढ्यात त्याला तो पक्षी दिसला. मी अजून दिवस मावळायच्या आत जेवतो, काळजी करू नकोस. तापस माझ्याबरोबर काम करतो, बंगाली आहे. म्हणाला, "पक्षी तुझी जेवणाची वेळ बघूनच येतात."

मी परत आलो तेव्हा किनाऱ्यावर टिलव्यांचा थवा चरत होता. सगळे चिमणीएवढे, राखी. एकाची चोच मात्र टोकाला चमच्यासारखी रुंद होती. तसे पक्षी जगात फार थोडे उरलेत. पण टिलव्याच्या चोचीला ओला चिखल चिकटला की तीही तशीच दिसते. नीट बघेपर्यंत अंधार झाला.

तो खरा निघाला, तर कोलकात्याहून खात्री करायला माणसं येईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. म्हणजे सोमवारी बेळगावात आप्पांच्या ऑपरेशनला मी नसेन. चिखलच असावा, असं सारखं वाटतंय. तापसला तसं बोललो नाही.

आप्पा नीट जेवतात का? मी निघताना तू म्हणालीस, "चमचाच बघायचा तर घरात काय कमी हाईत व्हय रं?" तेव्हा ते लई हसले होते. हल्ली हसतात का?

इथं रेंज नाही. तापस गावात जाऊन या पत्राचा फोटो आक्काच्या फोनवर पाठवेल.

थकलोय, पण तब्येत बरी आहे.

तुझा,
वृषभ

ता. क. सकाळी त्या पक्ष्यानं पाण्यात चोच बुडवून वर काढली. चमचा तसाच होता. मी तापसला म्हणालो, "हो, तोच." सोमवारी आप्पांजवळ आक्काला बसव.