दोनशे चौदा नंबरचा बूथ

नागपूर, ११ जानेवारी

ती. संगीताकाकीस,
प्रेरणाचा साष्टांग नमस्कार. जय सेवालाल.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण माझा फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि अर्धा तांडा ऐकतो. काम जरा खासगी आहे.

एप्रिलात आपल्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक आहे. एका उमेदवारासाठी मतदारसंघाचा अहवाल करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं, आणि मी तिकडचीच म्हणून साहेबांनी ते मला दिलं. शहर बायपासच्या पार सरकलं तसा आपला मतदारसंघ कसा पालटला, ते मी बूथवार मांडलंय. एमआयडीसीतले कामगार, शेतं मोडून झालेले नोकरदारांचे ले-आउट, कापूस-तुरीची खेडी, मग आपले तांडे. साहेब खूश झाले. मी दोन दिवस हवेत होते!

एकच खटकलं. आपल्या तांड्याच्या बूथवर, नंबर दोनशे चौदा, सहाशे अकरा नावं आणि मागच्या वेळी मतं पडली दोनशे तीस. मी लिहिलं की इथले मतदार उदासीन आहेत, आणि बरेचसे कायमचे स्थलांतरित झालेले दिसतात. अंगणवाडीसोबत त्या बूथची मतदारयादी तूच सांभाळतेस, म्हणून विचारते. बरोबर आहे ना?

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रेरणा

पळसतांडा, १८ जानेवारी

चि. प्रेरणाले काकीचे अनेक आशीर्वाद.

पोरी, आकडे तुये बरोबर हायेत, अर्थ चुकला. लिहिण्याआधी काकीले काहून नाही विचारलं? गावी पोहोचल्यावर कोणी रस्ता विचारते का?

मागच्या वेळी बूथ आपल्या शाळेतून उचलून हायवेच्या पलीकडं, ले-आउटमधल्या शाळेत नेला. मधात दुभाजक. पुलाखालून फिरून गेलं तर तीन किलोमीटर. शेजारची हंसाबाई ऐंशी वर्षांची. काठी टेकत दुभाजकापर्यंत गेली, ट्रक काही थांबेनात, अर्धा घंटा उभी राहून परत आली. मले म्हणाली की मी त मत द्याले गेलती, रस्त्यानंच जाऊ देलं नाही. तिले तू उदासीन लिहिलं.

अन् स्थलांतरित कोण? उकंडा, त्याची बायको, असे नव्वदेक जण दिवाळी झाली की ऊसतोडीले कोल्हापूरकडं जातात, होळीच्या आगेमागे परत येतात. मतदान आलं नोव्हेंबरात. त्यायचे म्हातारे इथं, बकऱ्या इथं, लेकरं माझ्या अंगणवाडीत. याले कायमचं जाणं म्हणत नाहीत.

ते वाक्य आजच खोड. बाकी अहवाल चांगलाच असन, तू लिहिला ना. तुरीची दाळ पाठवून राह्यली, होस्टेलातल्या पोरींले पण दे.

आहे तसाच जीव लावत राहा.
संगीताकाकी

पळसतांडा, ५ फेब्रुवारी

चि. प्रेरणाले आशीर्वाद.

तुयं उत्तर आलं नाही, तहसीलीतून नोटिसा मात्र आल्या. सत्त्याऐंशी. ले-आउटमधल्या एका माणसानं अर्ज केले की एवढे लोक तांड्यात राहातच नाहीत, यायची नावं यादीतून काढा. कारण लिहिलं, कायमचे स्थलांतरित. पुरावा म्हणून एका अहवालाचं पान जोडलं. त्यावर नाव नाही, पण ती भाषा मी ओळखली. तुले अक्षरं मीच शिकवली.

राग आला, खोटं कायले सांगू. मग भाकर खाल्ली, रजिस्टर काखेत मारलं अन् घरोघर निघाली. तांड्याचे नायक नेमसिंग म्हणत होते की तहसीलीवर मोर्चा नेऊ. मी म्हटलं, नायक, कागदानं आलेलं कागदानंच परत धाडू. सत्रा तारखेले सुनावणी हाये. सत्त्याऐंशीपैकी साठ जणांचे पुरावे झाले, बाकीचे तोवर होतात.

तुले जे वाटते ते कर. मी काही मागत नाही.
काकी

नागपूर, ९ फेब्रुवारी

ती. काकीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, अहवाल उमेदवाराकडे पोहोचला, आता एक शब्दही बदलणार नाही. मला लाज वाटली, म्हणून तुला उत्तर लिहिलं नाही. ती दुसरी चूक.

सोबत माझं सहीचं निवेदन आहे. ते वाक्य मी लिहिलं, तांड्यातल्या एकाही घरी न जाता, नुसते आकडे पाहून लिहिलं, आणि ते चुकीचं आहे, एवढंच त्यात आहे. निवेदन दिलं तर माझी नोकरी राहणार नाही, असं साहेबांनी बजावलंय. म्हणून राजीनामा मीच देऊन टाकला. काळजी करू नकोस, दोन ठिकाणी मुलाखती आहेत आणि मला काम येतं.

रागाव हवी तेवढी, फक्त अबोला धरू नकोस.
प्रेरणा

पळसतांडा, १८ फेब्रुवारी

चि. प्रेरणाले काकीचे पोटभर आशीर्वाद.

काल सुनावणी झाली. एक टेम्पो भरून म्हातारे अन् लेकरं नेले. अधिकारी बाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. अर्ज करणाऱ्याले त्यायनं विचारलं की तुम्ही तांड्यात कधी गेलते? तो खाली पाहून म्हणाला, उमेदवाराच्या ऑफिसातून कागद आला, मी सही केली. मग मी अंगणवाडीतलं लेकरांच्या वजनाचं रजिस्टर उघडलं. मायबाप कधी गेले, लेकरू कोणाजवळ हाये, सगळं तारखेनं. तुयं निवेदन बाईंनी दोनदा वाचलं.

शेवटी त्यायनं मलेच विचारलं की तुमच्या यादीत खरंच निघून गेलेलं कोणीच नाही का? सगळे माझ्याकडं पाहाले लागले. मी म्हटलं, हाये. त्या सत्त्याऐंशीत नाही, पण हाये. माझी पुतणी, सहा वर्षांपासून नागपुरात राहाते, तिथंच कमावते. घरची म्हणून मी नाव राहू देलं, ती माझी चूक.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग सत्त्याऐंशी अर्ज एकामागून एक फेटाळले. बूथ शाळेत परत आणाची शिफारस पण लिहिली. हंसाबाईनं तहसीलीतच बोटं मोडून त्यायची दृष्ट काढली.

सोबत आठ नंबरचा अर्ज हाये. नागपूरचा पत्ता भर अन् नाव तिकडं नेऊन घे. तुया अठराव्या वाढदिवसाले ते नाव मीच चढवलं होतं. आज अर्जावर तुया यादीचा नंबर लिहिताना दोनदा पेन थांबला. पण लिहिला.

होळीले ये. उकंडाची टोळी आठ दिवसांत परत येऊन राह्यली, होळीची लेंगी गाणी म्हणाले मले बायका कमी पडतात.

वाट पाहाते.
तुयी काकी