नीलाला जुळणारे नाव

११ नोव्हेंबर १९७३
आज वादात माझा विजय झाला! प्रतिपक्ष – सून वासंती, हातात लाटणे. विषय – तान्हीचे नाव.

वासंतीची बहीण महिन्यापूर्वी बाळंतपणात गेली. तिची ही मुलगी. बाप विलास कारखान्यात रात्रपाळी करतो, घरी दुसरे कोणी नाही. म्हणून पोर आमच्याकडे संत तुकाराम नगरात आली – कायमचीच. सुतकात बारसे राहून गेले. वासंतीला 'लीला' हवे. आमच्या चार वर्षांच्या नीलाला जुळणारे.

मी तर्कशास्त्राच्या रीतीने प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, मांडली : नावाचे प्रयोजन एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणे. जे वेगळे करीत नाही, ते नावच नव्हे. दृष्टांत – खुंटीवरच्या दोन काळ्या छत्र्या. वासंती पोळ्या लाटत राहिली. निकाल लागला!

१२ नोव्हेंबर
मी 'कस्तुरा' सुचविले – नीलाशी न जुळणारे. मुलगा सुरेंद्र म्हणाला, "अण्णा, कॉलेजात शिकवायचात तेव्हा पोरांनी तुम्हाला काय नाव ठेवलं होतं, माहीत आहे ना?"
माहीत नव्हते. आता झाले. येथे लिहिणार नाही.

१४ नोव्हेंबर
निकाल लागलेला वाद वासंतीने पुन्हा उघडला. "नीलाच्या वेळी तुम्ही म्हणालात, आवडेल ते ठेवा. हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नव्हतात."
तेव्हा घरात मूल एकच होते, सबब प्रश्न उद्भवत नव्हता – असे मी सांगितले. उत्तर चोख होते. तिने ऐकलेच नाही.
"नावं जुळली की लोक सख्ख्या बहिणी समजतात, अण्णा. नाहीतर कोणाची कोण, हे हिला जन्मभर सांगत बसावं लागेल."
म्हणजे मी जे इतक्या कष्टाने सिद्ध केले, नेमके तेच तिला नको आहे. मग मला ते का हवे आहे?

१७ नोव्हेंबर
हेतू सापडला. छत्र्यांशी त्याचा काही संबंध नाही. पोर आपली नव्हे, आणि ते नावावरून कळत राहावे – एवढेच.
विद्यार्थ्यांचे हेत्वाभास – वरवर खरी वाटणारी खोटी कारणे – चौतीस वर्षे लाल शाईने खोडले मी!

२ डिसेंबर
बारसे. आत्या म्हणून तळेगावहून आमची लेक पद्मा आली. पाळण्यात वाकून 'लीला' म्हणाली. वासंतीने माझ्याकडे पाहिले. मी घुगऱ्या दुसऱ्यांदा मागून घेतल्या.

९ मार्च १९७५
एकीला हाक मारली की दोघी येतात. धाकटी पडत-धडपडत, पण आधी. माझी प्रतिज्ञा निर्विवाद सिद्ध झाली आहे. घरात ते ऐकून घ्यायला कोणास सवड नाही.

२१ जून १९७६
खालच्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले. गृहस्थांचे नाव लक्ष्मणराव. दोघी जिन्यात खेळत होत्या. म्हणाले, "यातली एक तुमच्या सुनेच्या बहिणीची, असं ऐकलं. कोणती हो?"
मी म्हणालो, "आठवत नाही."